माझं नाव लिहा

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण फ्लॅट आईच्या नावावर आहे, मला मत नाही, आणि मराठी टायपिंग बरं जमतं. स्टिल्ट पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, एक स्टँडचा पंखा, टेबलावर बटाटेवड्यांचं खोकं आणि त्याला सुटलेलं तेल. मागच्या सभेचं इतिवृत्त कायम झालं, हिशेब झाले, वॉटरप्रूफिंगच्या कोटेशनवरून नेहमीच्या दोघांची नेहमीसारखी जुंपली, आणि सगळ्यात शेवटी, लोक उठायच्या बेतात असताना, ऐनवेळचे विषय. त्यात एकांनी मांडलं की घरकामाला येणाऱ्या बायका आणि डिलिव्हरीची मुलं यांनी पुढची लिफ्ट वापरायची नाही, मागची वापरायची. सकाळी शाळा-ऑफिसच्या वेळेला गर्दी होते, वास येतो, शिवाय सेफ्टीचा प्रश्न आहे वगैरे. मागची लिफ्ट अर्धा वेळ बंद असते हे सगळ्यांना माहितीये. सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले. चेअरमननी विचारलं, "कोणाचा विरोध? नाही ना? लिहा, सर्वानुमते मंजूर." माझं 'सर्वा' टाईप करून झालं होतं तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला, "माझा आहे."

बाईंचा आवाज. त्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतून रिटायर झालेल्या, चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात, सगळी बिल्डिंग त्यांना बाईच म्हणते. सेक्रेटरी समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो बाई, सगळ्यांचं ठरलंय. एकमताने झालं की रेकॉर्डलाही बरं दिसतं." बाई म्हणाल्या, "सगळ्यांचं नाही ठरलेलं. मी आहे ना." मग चेअरमन मला म्हणाले, बरं, लिहा, एक मत विरोधात. त्यावर बाई उठून उभ्या राहिल्या, गुडघ्याचा त्रास आहे त्यांना, खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक मत नाही. माझं नाव लिही. आणि कारणही लिही." आणि वर्गात डिक्टेशन देतात तसं सावकाश सांगितलं: ज्यांच्या हातचं आपण जेवतो त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये मिनिटभर उभं राहायला आपल्याला अडचण वाटत असेल तर ती अडचण आपली आहे, ती आपण सोडवायची. मी शब्दन्‌शब्द लिहिलं. ठराव पास झाला. लोकांनी वडे घेतले, बाईंनीही घेतला, कोणीतरी त्यांना पेपर नॅपकिन दिला.

हे नंतर डोक्यातून जाईना ते त्यातल्या सौम्यपणामुळे. कोणी ओरडलं नाही, कोणी बाईंना वाईट बोललं नाही. हात वर करणाऱ्यांमध्ये ते काका होते ज्यांनी माझ्या वडिलांना रात्री अडीच वाजता स्वतःच्या गाडीतून हॉस्पिटलला नेलं होतं आणि सकाळपर्यंत कॅज्युअल्टीच्या बाकड्यावर बसून राहिले होते. त्या काकू होत्या ज्या लॉकडाऊनमध्ये वॉचमनला दोन्ही वेळचं जेवण देत होत्या. ही माणसं दुष्ट असती तर मला सोपं गेलं असतं, मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि झोपले असते. पण ही चांगली माणसं आहेत आणि एकेकटी असताना त्यांच्यातलं कोणीही कामवाल्या ताईंना तोंडावर म्हणालं नसतं की उतर लिफ्टमधून. तीस-चाळीस जण एकत्र बसले आणि ते म्हणता आलं. म्हणजे कोणालाच म्हणावं लागलं नाही, ठराव म्हणाला.

पाचामुखी परमेश्वर. ही म्हण मी पहिल्यांदा ऐकली ती आजोळी, रायगडात, भाताच्या गावात. तिकडे एक घर वाळीत टाकलेलं होतं. जमिनीच्या वाटेवरून काहीतरी वाद झाला होता, गावकीने निकाल दिला, आणि त्या माणसाने तो न मानता कोर्टात दावा लावला, हा गुन्हा. मग त्यांच्याकडे कोणी जायचं नाही, त्यांच्या शेताला आवत्या, म्हणजे मदतीची माणसं, येणार नाहीत, गिरणीत त्यांचं दळण घेणार नाहीत, वाण्याकडे त्यांना सुटं मीठसुद्धा मिळणार नाही, आणि जो त्यांच्याशी बोलेल त्याला दंड. त्यांची मुलगी माझ्या वयाची होती. मे महिन्यात आम्ही सगळी पोरं वाडीत करवंदं काढायला जायचो तेव्हा ती त्यांच्या पडवीच्या पायरीवर बसून आमच्याकडे बघायची, आणि आम्हाला सांगितलेलं असायचं की तिकडे बघायचं नाही. आणि मुलांना बघू नका सांगितलं की मुलं काय करतात, मी बघायचेच.

आजी त्या गावातली सुईण असल्यासारखी होती, रात्री-अपरात्री कोणाच्याही बाळंतपणाला धावणारी. त्या मुलीचा जन्म आजीच्याच हातावर झालेला. पण त्या घरातली बाई विहिरीवर आली की आजी बोलता बोलता वाक्य अर्धं सोडायची, कळशी उचलायची आणि निघायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "गाव सांगेल तसं. गाव सोडून आपण राहणार कुठं?" तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्यासारखंही काही दिसलं नाही. पाऊस आला तर छत्री घ्यायची इतकं साधं होतं तिच्यासाठी ते. मला आजी आजही अतिशय प्रिय आहे आणि ती अर्धी सोडलेली वाक्यंही आठवतात, दोन्ही एकदमच आठवतं. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा आपला कायदा झाला २०१६ चा, लागू झाला २०१७ मध्ये, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राला करावा लागला यावरूनच कळतं की ही जुनी गोष्ट नाही. ज्या गावाने रस्ता बांधला, शाळा बांधली, पुरात एकमेकांची भांडी वाहून वर नेली, तेच गाव हे करत होतं, आणि दोन्ही गोष्टी त्याच एकजुटीने.

वाळीतचा विषय निघाला की मला मुरुड आठवतं. दापोलीजवळचं, कर्व्यांचं. अण्णांनी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांनी, १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं, त्या विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनी. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा सदतीस वर्षं झाली होती, १८५६ चा कायदा तो. सरकारदरबारी यात काही चुकीचं नव्हतंच. पण मुरुडने सभा भरवली आणि बहिष्काराचा ठराव केला, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही. हा दुसरा भाग मी जेव्हा वाचला तेव्हा थांबले. हा फार हुशारीने केलेला ठराव आहे. जो माणूस स्वतःचं काय होईल याला भीत नाही त्याच्यापुढे त्याची म्हातारी आई आणि भाऊ उभे करायचे. कर्व्यांनी त्याच गावासाठी आधी मुरुड फंड काढलेला होता, सार्वजनिक कामांसाठी पैसे जमवले होते, म्हणजे गावाला ते परके नव्हते, गावाचं भलं इच्छिणारे होते हे गावाला माहीत होतं. तरी ठराव झाला. आणि याच अण्णांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळालं. पासष्ट वर्षं लागली, पण लोक आले त्यांच्या बाजूला. आज कितीतरी शाळांत भिंतीवर त्यांचा फोटो असतो.

पण मला अण्णांपेक्षा त्यांचा थोरला मुलगा जास्त छळतो.

रघुनाथ. र. धों. कर्वे. आई राधाबाई लवकर गेल्या, आणि वडिलांनी पुनर्विवाह केला तेव्हा हा अकरा वर्षांचा. म्हणजे बहिष्कार कसा असतो हे त्याने पुस्तकात वाचलं नाही, घरात बघितलं. पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, पॅरिसला जाऊन शिकून आला, आणि १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी त्यांचं क्लिनिक उघडलं होतं, म्हणजे जगाच्या मागे वगैरे मुळीच नव्हते ते. तोवर ते विल्सन कॉलेजात शिकवत होते. कॉलेजला हा उद्योग मान्य होणं शक्य नव्हतं, आणि १९२५ मध्ये नोकरी सुटली. नोकरी ठेवायची की हे काम, असा प्रश्न आला आणि त्यांनी काम ठेवलं. मग १९२७ च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' मासिक. ते मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, सव्वीस वर्षं चालवलं. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत, मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र म्हणून लोक मासिक लपवून वाचणार आणि चारचौघांत नाव घेतलं की नाक मुरडणार. लिहायचंही बरंचसं स्वतःच, आणि वाचकांच्या पत्रांना उत्तरंही स्वतःच.

ती पत्रं हा त्या मासिकातला मला सगळ्यात जवळचा भाग वाटतो. नवऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टरला विचारता येत नाही, आईला तर नाहीच नाही, असे प्रश्न लोक एका गणिताच्या प्राध्यापकाला लिहून विचारायचे, आणि हा माणूस गणित सोडवावं तसं उत्तर द्यायचा. गोड बोलायचं नाही, धीर द्यायचा नाही, लाजायचं तर मुळीच नाही. हे असं आहे, हे असं नाही, याला पुरावा नाही. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर खटला झाला. आधी एकदा १९३१ मध्ये एका लेखावरून शंभर रुपये दंड झाला होताच, नंतर मासिकाच्या गुजराती अंकातल्या प्रश्नोत्तरांवरून दुसरा. अश्लीलता. त्या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. गोलमेज परिषदांतून आलेले, अख्ख्या देशाचं राजकारण खांद्यावर असलेले आंबेडकर, मुंबईच्या कोर्टात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यावरच्या उत्तरांचा बचाव करायला उभे राहिले. लैंगिक विषयावर कोणी प्रश्न विचारला आणि कोणी त्याचं उत्तर दिलं तर ते केवळ त्या विषयामुळे अश्लील कसं होईल, असा सगळा युक्तिवाद. साल १९३४. खटला हरले. दोनशे रुपये दंड. कर्व्यांनी पुढच्या महिन्याचा अंक काढला.

हरले हे मला महत्त्वाचं वाटतं. आपण गोष्टी सांगतो त्या बहुतेक शेवटी जिंकलेल्यांच्या असतात. अण्णांना भारतरत्न, म्हणून अण्णांची गोष्ट सांगायला बरी. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि आज चौकाला त्यांचं नाव, म्हणून तीही बरी. त्यात एक कबूल केलेलं असतं की सत्य आज ना उद्या मान्य होतंच, लोकांना जरा वेळ लागतो एवढंच. रघुनाथरावांना तसं काही मिळालं नाही. ते ऑक्टोबर १९५३ मध्ये गेले तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते आणि हयात होते. बापाला समाजाने परत घरात घेतलं, मुलाला नाही. आणि मजल्यामागून मजला चढावा तसं समाज शहाणा होत जातो हे त्या घराकडे बघून मला तरी म्हणता येत नाही.

मान्य होण्याचा पुढचा भाग तर जास्तच अवघड आहे. ते जायच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, जगात पहिल्यांदा. म्हणजे ज्या गोष्टीसाठी या माणसाची नोकरी गेली तीच सरकारी योजना झाली. मग लाल त्रिकोण आला, एसटीच्या मागे हम दो हमारे दो आलं, भिंती रंगल्या. माझ्या लहानपणी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर तो त्रिकोण होता, रंग उडून गुलाबी झालेला. बहुमत कर्व्यांच्या बाजूला आलं असं म्हणावं तर आलं. आणि मग १९७६. आणीबाणी. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, टार्गेटं लावून, शिक्षकांचे पगार अडवून, गरिबांना गाड्यांत भरून. आणि आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, नाहीतर पुरोगामी महाराष्ट्राच्या नावावर हेही लागलं असतं.

मी यावर पुष्कळ विचार केला. कर्व्यांचं म्हणणं काय होतं, तर मूल हवं की नको हे ज्या बाईला ते पोटात वाढवायचं तिने ठरवावं, आणि ठरवता यावं म्हणून तिला माहिती मिळावी. शरीर तिचं, सुखही तिचं. साधन हे त्यानंतर. लोकांनी काय घेतलं, तर साधन घेतलं. ज्या विचारातून ते आलं होतं तो तिथेच १९५३ च्या शेवटच्या अंकात राहिला. पन्नास वर्षांपूर्वी याच गोष्टीचं नाव काढलं म्हणून ज्यांनी एकाला नोकरी सोडायला लावली, त्यांच्याच पुढच्या पिढीने ती गोष्ट केली नाही म्हणून दुसऱ्याचा पगार अडवला. मत बदललं, पण एकट्या माणसाला धरून दाबायची पद्धत तीच राहिली. १९७६ मध्ये कर्वे असते तर ते कुठे उभे राहिले असते याबद्दल मला जराही शंका नाही. परत विरोधातच, परत एकटे, आणि या वेळी त्यांना विरोध करणारे लोक त्यांचीच वाक्यं म्हणत असते.

आता तुकोबांबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता. ही ओळ आता टी-शर्टवर असते, स्टेटसला असते, आणि एखाद्याला घरच्यांशी भांडायचं असलं की तो हीच ओळ टाकतो. पण ज्या अभंगात ती येते तो पूर्ण वाचला की तिचा सूर वेगळाच लागतो. तो स्वतःची हकिगत सांगणारा अभंग आहे. दुष्काळात पैसा गेला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली, धंदा बसला, वह्या बुडवल्या तेव्हा धरणं धरून बसलो. या सगळ्याच्या मध्ये ती ओळ येते. छाती पुढे काढून म्हटलेली नाही ती. मनाला साक्षीदार केलं म्हणतात तुकोबा, आणि साक्षीदाराची उलटतपासणी होते हे आपण विसरतो. ज्याला कोणी प्रश्न विचारलेलाच चालत नाही त्याने साक्ष काढू नये.

हे मुद्दाम लिहितेय कारण कोविडच्या वेळी आमच्या नात्यातले एक गृहस्थ लस घेणार नाही म्हणून बसले, मास्क लावणार नाही म्हणाले, आणि फॅमिली ग्रुपवर त्यांनी हीच ओळ टाकली. घरात ऑक्सिजनवर जाऊन आलेली सत्तरीची माणसं होती. तेही एकटेच होते, तेही बहुमताविरुद्ध होते, आणि त्यांना स्वतःबद्दल र. धों. कर्वे असल्यासारखंच वाटत असणार. तेव्हापासून एकटं असणं म्हणजे बरोबर असणं हे माझ्या मनातून पार गेलं. मग फरक कसा करायचा? माझ्यापुरतं मी असं बघते की किंमत कोण मोजतंय. त्या गृहस्थांच्या विवेकाची किंमत शेजारच्या खोलीतली म्हातारी माणसं मोजणार होती. कर्व्यांनी आपलं म्हणणं खरं म्हणून कोणाला काही करायला लावलं नाही, नोकरी स्वतःची घालवली, दंड स्वतःच्या खिशातून भरला, मूल नको हा निर्णय स्वतःपुरता घेतला. आणि दुसरं, कारण सांगतोय का. सव्वीस वर्षं हा माणूस दर महिन्याला छापून सांगत होता की मला हे का वाटतं, तुम्हाला चूक वाटत असेल तर लिहा. फटकळ होते, समोरच्याचा मुलाहिजा ठेवायचे नाहीत, ब्रह्मचर्याच्या प्रश्नावर गांधीजींनाही त्यांनी सोडलं नाही, पण उत्तर दिल्याशिवाय राहायचे नाहीत. बाईंनी मला नावाबरोबर कारण लिहायला लावलं ते मला म्हणून बरोबर वाटतं. नाव नसलेलं एक मत उद्या कोणाचंही नसतं. नाव आणि कारण असलं की उद्या कोणीतरी येऊन म्हणू शकतं, बाई, तुमचं हे चुकलं.

आणि तसं झालं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंना मी सभेचं सांगितलं, मला वाटलं त्यांना बरं वाटेल. त्या भांडी घासता घासता थांबल्या. म्हणाल्या, मला कळलंय ते आधीच, बाई चांगलंच बोलल्या, पण त्यानंतर माझ्या दोन घरांनी मला विचारलं की तू जाऊन रडलीस का त्यांच्याकडे. एका घराने तर दिवाळीच्या बोनसचं बोलणंच पुढे ढकललं. "बोलायला पाहिजेच होतं कोणीतरी," त्या म्हणाल्या, "पण आधी एकदा मला विचारायला पाहिजे होतं." नळ परत सोडला आणि कामाला लागल्या. मला काय बोलावं सुचेना. मी हे बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, उद्या मी जाते तिच्याकडे. गेल्याही. दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही, ते माझं नाही.

आईशीही बोलणं झालं. ठराव परत चर्चेला घ्यायचा तर सभासदाने लेखी मागणी करायला हवी, मी सभासद नाही, आई आहे. तिने त्या दिवशी हात वरही केला नव्हता आणि खालीही ठेवला नव्हता, म्हणजे पदर सारखा करत होती. मी पत्राचा मसुदा दाखवला तर तिने चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाली, बाईंचं पहिलं नाव असू दे, अनुमोदक म्हणून मी सही करते. मग लगेच म्हणाली, पण त्या काकांना वाईट वाटेल गं, तुझ्या बाबांच्या वेळी किती केलं त्यांनी. मला त्यावर उत्तर नाही. वाईट वाटेलच त्यांना. उपकाराची आठवण आणि ठरावाला विरोध या दोन गोष्टी एका सहीत मावत नाहीत, आणि आजीला विहिरीवर कदाचित हेच वाटत असेल, गाव म्हणजे तिच्यासाठी कोणी भाऊ होता, कोणी व्याही होता, कोणी अडल्या वेळी पायली भात दिलेला होता. एकट्याने बहुमताविरुद्ध उभं राहणं असं आपण म्हणतो तेव्हा समोर एक मोठा गोळा असल्यासारखं बोलतो. प्रत्यक्षात समोर एकेक ओळखीचा चेहरा असतो, आणि प्रत्येकाचं आपल्यावर काही ना काही देणं असतं.

ताईंचं ते वाक्य डोक्यात घेऊन मी परत कर्व्यांबद्दल मिळेल ते वाचत बसले आणि या वेळी वाचताना नजर सारखी मालतीबाईंना शोधत होती. त्यांच्या पत्नी. मूल न होऊ देण्याचा निर्णय त्यांच्याशिवाय झालाच नसता, आणि त्या काळात मूल नसलेल्या बाईला हळदीकुंकवाला काय काय ऐकावं लागत असेल ते वेगळं सांगायला नको. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा त्यांच्या नोकरीवर घर चाललं. नवऱ्याचं नाव घेतलं की नाक मुरडणारे लोक त्यांनाही रोज भेटत असणार, कामावर, बाजारात, नातेवाइकांच्या लग्नात. रघुनाथरावांना काय वाटत होतं त्याची सव्वीस वर्षांची छापील नोंद आहे, खटल्यातलं म्हणणं आहे, आंबेडकरांचा युक्तिवाद आहे. मला वाचायचंय ते १९२५ मधलं त्या घरातलं बोलणं. राजीनामा देणार आहे हे त्यांनी मालतीबाईंना आधी विचारलं होतं, की घरी येऊन सांगितलं? आणि विचारलं असेल तर त्या काय म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या की वेळ मागून घेतला?